आळसाचा बडग्या

माणसाचं मन मला कळतं! अगदी आरपार! ही बढाई नाही बरं, मुंबईला जाऊन मी त्याचा चांगला कोर्स करून आलो होतो. कामगाराच्या मनात खोल काय दडलंय ते बाहेर काढा, त्याच्या चालीरीतींचा धागा पकडा, की कारखाना आपोआप पळायला लागतो, असं तिथल्या सरांनी सांगितलं होतं. त्यांनी दिलेलं पिवळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक मी रोज दुपारी डबा खाल्ल्यावर खुर्चीत मागे रेलून, छातीवर पालथं ठेवून, डोळे मिटून आत मुरवत असे.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. नागपुरात इतवारीला गुलाबचंद शेठचा साड्या विणायचा कारखाना होता आणि मी तिथला कोरा करकरीत कामगार अधिकारी. नोकरी अजून कच्ची होती. पोळा झाला की शेठ मला पक्का करणार, नाहीतर नारळ देणार! आणि आमच्या बायकोने, जयाने, पक्क्या नोकरीच्या भरवशावर आधीच गॅलरीवालं घर घेऊन टाकलेलं, तेही भर मिरवणुकीच्या रस्त्यावर!

त्या मिरवणुकीवरूनच माझं डोकं चाललं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर रस्त्यावर येतं. ज्याचा राग असेल त्याचा बांबू-चिंध्यांचा पुतळा, म्हणजे बडग्या, करायचा. मारबत म्हणजे गावाची इडापिडा नेणाऱ्या बाईचा भलाथोरला पुतळा, तिच्या मागे तो मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून बोंबलायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. म्हटलं, सापडला धागा!

मी आमच्या सगळ्यात जुन्या विणकराला, कवडूला बोलावलं.

"कवडूभाऊ, औंदा कारखान्याचा बडग्या काढू. आळसाचा!"

"आळस दिसते कसा जी, साहेब?"

"तुमच्या मनात असेल तसा! बिनधास्त करा. कोणी तुम्हाला काही बोलणार नाही, माझा शब्द!"

"पाहा बरं साहेब. मागून पलटसान."

"अहो, मी मनाचा डॉक्टर आहे, पलटणार कशाला?"

पोळ्याच्या दिवशी सकाळी बडग्या अंगणात तयार! काय देखणा केला होता! खुर्चीत रेललेला, पोट पुढे, तोंड उघडं आणि छातीवर एक पुस्तक पालथं. मी कवडूची पाठ थोपटली.

तेवढ्यात गुलाबचंद शेठ आले. बडग्या पाहिला आणि त्यांचा चेहरा बीटासारखा झाला.

"ये क्या मजाक है? पोट माझं! छातीवर चोपडी माझी! दुपारी मी गादीवर जरा आडवा होतो, ते साऱ्या गावाले दाखवता का? तुमची नोकरी खतम!"

डोळ्यांसमोर जया आणि तिची गॅलरी आली. मी तोंड उघडणार, तोच युनियनचे बाबनराव धावत आले.

"काहून जी साहेब, माहा बडग्या काढून राहिले का? कायद्याचं पुस्तक छातीवर घेऊन कोण झोपते? मीच ना! आत्ताच्या आत्ता माग बंद करतो!"

"तुमचा कशाचा?" शेठ उसळले. "तो मी आहे!"

"मी हावो! तोंड पाहा ना, सभेत असते तसं उघडं हाय!"

"आणि पोट? एवढं पोट आहे तुमच्याकडे?"

मालक आणि पुढारी बडग्यावरून हमरीतुमरीवर आले! पण मी? मी मनातून हरखलो. मुंबईच्या सरांचं बोलणं डोळ्यांसमोर खरं होत होतं!

"थांबा, थांबा!" मी हात वर केले. "हाच तर मनाचा खेळ आहे! ज्याच्या मनात खुटखुट, त्याला तिथे आपलंच तोंड दिसतं. आता माझं पाहा. मी सकाळपासून बघतोय, मला दिसतं का काही? मन साफ!"

कवडूला ठसका लागला.

"कवडूभाऊ, तुम्हीच सांगून टाका. हे शेठ आहेत?"

"नाही जी."

"बाबनराव?"

"नाही जी."

"ऐकलंत? कोणीच नाही!"

"तसं नाही जी, साहेब. कोणीतरी हाय." कवडू मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. "तुमी शब्द देल्ला हाय ना जी?"

"अलबत! बोला!"

"तुमीच हाव."

मी बडग्याकडे पाहिलं. पुस्तकाचा पिवळा पुठ्ठा माझ्या ओळखीचा वाटायला लागला. अरे बापरे!

आधी शेठ हसले. मग बाबनराव. मग दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले. शेठनी डोळे पुसत हुकूम सोडला, "याला पक्का करा! आपल्या दोघांच्या डोक्यावरची बला या बिचाऱ्याने घेतली. पण एक कमी आहे." आणि माझ्या गळ्यातली टाय सोडून त्यांनी ती स्वतःच्या हाताने बडग्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी मी बडग्याच्या गाडीला धरून मिरवणुकीत चालत होतो. नोकरी पक्की, मान खाली. ढोल-ताशांनी कान फाटत होते. आमचं घर आलं. गॅलरीत जया उभी होती. मी मोठ्या उमेदीने हात हलवला. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीवरच्या बडग्याकडे बघत, कपाळाला हात लावून ती ओरडली,

"अहो! एवढ्या गोंगाटात तुम्हाला झोप तरी कशी लागली?"