खुंटीवरचा सदरा

मनीषा कुजबुजण्यापलीकडे कधी बोलत नाही. फोनवरही नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, ही कुणाच्या तरी उशाशी बसून बोलतेय. तिचा पहिला फोन आला तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, "कोण गेलं?"

मी जालन्यातला रेशीम कोषांचा व्यापारी. सायकलवर रिकामी पोती विकण्यापासून इथवर आलो तो आवाजाच्या जोरावर. आवाज चढवायचा, माल पायानं बाजूला सारायचा, निघून जायचं नाटक करायचं. या पोरीनं माझं हे सगळं भांडवलच बुडवलं.

मंठ्याकडच्या एका खेड्यात तिच्या तीन शेड आहेत. वय सव्वीस. नोकरी सोडून आली, धाकट्या भावाला घेऊन तुती लावली, आणि आज चार गावांतल्या बायका तिच्याकडे शिकून अळ्या पाळतात. शेडमधली ऊब तिला मोबाइलवर दिसते. "दोन नंबरला गरम होऊन राह्यलं," म्हणत ती भरल्या ताटावरून उठते. जालन्यात तिचा सत्कार झाला, तिथे माइकवरही कुजबुजली. माइकवाला आवाज वाढवत गेला. शेवटी शब्द राहिले नाहीत, नुसता तिचा श्वास सभागृहभर ऐकू येत होता. मागची दोन-तीन माणसं उठून दारापाशी जाऊन उभी राहिली.

अळ्यांना वास आणि घाण सोसत नाही, म्हणून शेडमध्ये शिरायचं तर चपला बाहेर, तंबाखू बाहेर, चुन्यावरून चालत आत. अत्तर लावून गेलो म्हणून तिनं मला, पन्नाशीच्या माणसाला, हौदावर आंघोळीला पाठवलं होतं. आत अंधूक उजेड आणि हजारो अळ्यांचा पाला खाण्याचा आवाज. वाटतं, भिंतीपलीकडे कुणी कागद फाडतंय, आणि थांबतच नाहीये. मी दर सांगायला तोंड उघडलं की ती ओठावर बोट ठेवायची.

"हळू बोला, शेठ. खाऊन राह्यल्या."

मी गप्प झालो की तो आवाजही थांबल्यासारखा वाटायचा. जणू त्याही कान देऊन आहेत. अशा जागी भांडणार काय? दर वेळी तिच्याच दरानं माल उचलून आलो.

पण माझं खरं दुखणं टोपलीचं. दर खेपेला एक टोपली ती बाजूला काढते. जास्त दर बोललो, न्हाई. चिडलो, न्हाई. आता कोष काही ठेवून चालत नाहीत. थोड्याच दिवसांत आतलं पाखरू कोष फोडून बाहेर येतं, आणि फुटक्या कोषाचा धागा सलग निघत नाही. म्हणजे ही टोपली दुसऱ्या कुणा व्यापाऱ्याला जाते, याची मला खात्री होती. तो कोण, हे पाहायला मागच्या महिन्यात मी न सांगता भरदुपारी गेलो.

शेडवर कुणी नव्हतं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ढकललं. आत अंधार, खिडकी बंद, खुंटीला एक पांढरा सदरा. वाऱ्याची झुळूकही नव्हती, आणि सदरा हलत होता. आत कुणी श्वास घेतंय तसा छातीशी वर यायचा, खाली बसायचा. मग नीट दिसलं. सदरा निळा होता. बाह्यांपासून कॉलरपर्यंत त्यावर पांढरी पाखरं बसली होती, पंख थरथरवत.

"हळू, शेठ."

ती मागे उभी होती. सदरा संतोषचा, म्हणाली. संतोष म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कोष घेऊन माझ्याकडे तोच यायचा. दोन वर्षांमागे तशाच एका खेपेला रस्त्यात गाडी उलटली, त्यातच गेला.

"तो म्हणायचा, ताई, एक टोपली राहू दे, बाहेर काय येतंय ते पाहू. एकदा मला न सांगता ठेवली बी. त्यातला एक कोष चुकून तुमच्या मालात आल्ता, वाटंतच फुटला. तुम्ही सगळ्या मालाचा दर पाडला. मंग मी लई वरडले त्याच्यावर. टोपली बी विकून टाकली. त्यानं पाहिलंच न्हाई."

तो कोष मला आठवला. बोटांत धरून मी तो चार लोकांना दाखवला होता, मोठ्यानं हसत.

किती दिवस जगतात, मी विचारलं.

"पाच-सहा. उडता येत न्हाई, काही खात बी न्हाईत. नुसती बसून राह्यतेत."

दराचं बोलायचं राहूनच गेलं. जालन्यात घरी पोचलो तेव्हा खांद्यावर एक पाखरू दिसलं. झटकायला हात उचलला, तो तसाच राहिला. सदरा अलगद काढून खुंटीला अडकवला. बायकोनं स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, सदरा धुवायला का टाकला नाही म्हणून.

"हळू बोल," मी म्हणालो.