खुर्चीवरचा कोट

विषय : सूनबाईंच्या लॅपटॉपचा माऊस विनापरवानगी हलवल्याबाबत खुलासा.

उपरोक्त विषयी नम्रपणे कळवतो की आमची सून (मुलगा हितेंद्र याची पत्नी) आकांक्षा गेले आठ महिने लालबागच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून नोकरी करते. तिच्या टीममधले पाच जण पाच गावांत. पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक दिवा असतो. माणूस जागेवर असला की हिरवा, उठला की पिवळा. मस्टर नाही, मेमो नाही.

"मग कामं होतात कशी?" मी विचारलं.

"विश्वासावर, बाबा. उलट लवकर होतात."

(एकतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाची झोप उडवायला एवढं पुरतं.)

त्या बुधवारी आकांक्षा आमच्या हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. शुक्रवारी टीम लीडर ठरायचा होता आणि नाव आकांक्षाचंच पुढे होतं. इकडे दिवा पिवळा. मी उठलो, बसलो, गॅलरीत जाऊन आलो. पिवळाच. शेवटी न राहवून माऊस हलवला. हिरवा! पाच मिनिटांत पुन्हा पिवळा. असं करत दोन तास मी सुनेची नोकरी केली. पाणी प्यायलाही उठलो नाही. स्वतःच्या नोकरीत इतका वेळ जागेवर बसल्याचं मला आठवत नाही.

दोघी परतल्या आणि नाशिकहून तिच्या साहेबांचा, प्रितेशचा, लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल आला.

"आकांक्षा, दोन तास नाहीये असं तूच सगळ्यांना कळवलंस. मग दिवा हिरवा कसा? माऊस हलवायचं मशीन लावलंयस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मशीन नाही, सर. सासरे आहेत."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "म्हणजे गेले आठ महिने कामावर कोण होतं?"

आकांक्षाचा चेहरा उतरला. मी बनियनवरच कॅमेऱ्यासमोर गेलो.

"साहेब, चूक माझी. आमच्या वेळी खुर्चीवर कोट टाकून बाहेर सटकायची पद्धत होती. एकतीस वर्षं खरं तर माझा कोटच नोकरीला होता. मला वाटलं, पोरीचाही कोट टाकून ठेवावा."

प्रितेश खो खो हसला. "काका, असलं काही कोणी बनवून सांगणार नाही."

शुक्रवारी आकांक्षा लीडर झाली. मी पेढे आणायला निघालो.

"थांबा," ही म्हणाली. "कोट खुर्चीवर. आणि तुम्ही कुठे होतात?"

"कधी?"

"हितेंद्रच्या बारशाला. जागा सोडता येत नाही म्हणाला होतात."

मी त्याच दिवशी दोन पानी खुलासा लिहून दिला, सोबत विश्वास पूर्ववत करण्याचा विनंतीअर्ज. "डोळ्यांत थेंब घातलेत, उद्या वाचते," ही म्हणाली.

त्याला पाच आठवडे झाले. थेंब केव्हाच बंद झाले. खाली पेपर आणायला जाताना मला व्हिडिओ कॉल चालू ठेवावा लागतो.

अर्ज प्रलंबित आहे.