वेंडेल प्रुइटची चौकशी

मेरीलँडच्या वेंडेल प्रुइटला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बढती मिळणार होती. लष्कराला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत तो गोदामातल्या मालाच्या याद्या ठेवायचा. आता गुप्त याद्या ठेवणार होता. (नटबोल्ट तेच, पण गुप्त.) त्याआधी सरकार त्याची कसून चौकशी करणार होतं. शंभरावर पानांचा फॉर्म आला आणि वेंडेलने ठरवलं, तयारीत कसर ठेवायची नाही.

"लॉरेट्टा, तू अधिकारी हो आणि मला प्रश्न विचार," तो बायकोला म्हणाला.

लॉरेट्टाने चष्मा चढवला. "परदेशी हेरांशी संबंध?"

"नाही."

"कुणापासून काही लपवलंय?"

खोटं बोलणाऱ्याची नोकरी जाईल, असं फॉर्मात ठळक छापलं होतं. वेंडेलने खरं सांगून टाकलं. "तुझ्या आईचं ते ओव्हनमध्ये भाजलेलं फरसबीचं कॅसरोल. नऊ वर्षं दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी ते शेजारच्या बस्टर कुत्र्याला घालत होतो."

लॉरेट्टाने चष्मा काढला. "आई तुझ्यासाठी मुद्दाम दुप्पट करते! तू ताट चाटूनपुसून खातोस म्हणून!"

"बस्टर खायचा ना चाटूनपुसून."

"आणि गेल्या वर्षी मेला!"

"वयामुळे गं..."

पुढचे चार दिवस लॉरेट्टाने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. मीठ हवं का, हासुद्धा नाही.

मग वेंडेलला आठवलं, फॉर्मात ओळखीची व्यक्ती म्हणून त्याने बस्टरच्याच मालकिणीचं, मिसेस स्वोबोडांचं नाव दिलं होतं. अकरा वर्षांच्या शेजारात तो पहिल्यांदाच त्यांच्या दारात उभा राहिला, हातात भोपळ्याचा केक घेऊन.

"कुणी माझी चौकशी करायला आलं, तर खरं तेच सांगा हं."

"का? काय केलंस तू?"

"काहीच नाही!"

"मग केक कशाला आणलास?" असं म्हणून म्हातारीने केक आत घेतला आणि दाराला साखळी लावली.

आठवड्याने चौकशी अधिकारी बाई मिसेस स्वोबोडांच्या दारात येऊन थडकल्या. वेंडेल लगेच कुंपणाशी गवत उपटायला बसला. (डिसेंबर होता. कडाक्याच्या थंडीत गवत कुठलं?) बढती तर गेलीच, आता तुरुंगात जेवण कसलं मिळतं एवढंच कळायचं बाकी, असं त्याला वाटू लागलं.

"वेंडेलना एखादं गुपित सांगावं का? काय वाटतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"खुशाल सांगा," मिसेस स्वोबोडा म्हणाल्या. "तो बडबडेल हो, पण त्याचं ऐकतंय कोण?"

बाईंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

महिन्याभरात मंजुरी आली. वेंडेल कागद नाचवत स्वयंपाकघरात धावला. "लॉरेट्टा! सरकारने माझ्यावर विश्वास ठेवला!"

लॉरेट्टाने भांडी घासता घासता मान वळवली. "काही म्हणालास का?"