वापर निरंक

"या कुटुंबावरील कर्ज हे सर्व सदस्यांच्या सामूहिक उधळपट्टीचे फलित आहे," असे निवेदन कुटुंबप्रमुखाने एका रविवारी सकाळी, स्वतःच्याच दिवाणखान्यात उभे राहून वाचून दाखवले. कुटुंबप्रमुख एका मोठ्या कचेरीत लेखापरीक्षक होता. दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका शोधण्याबद्दल त्याला पगार मिळे. स्वतःच्या चुका तो फुकट शोधत नसे.

निवेदनातील 'सामूहिक' हा शब्द जरा उजेडात धरून पाहण्यासारखा आहे. समूहात लेखापरीक्षकाची वृद्ध आई होती, जिची उधळपट्टी कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्यांपलीकडे गेलेली नव्हती. कॉलेजात शिकणारी मुलगी होती. ती पायी जाई आणि जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर टिपणे काढी. पत्नी होती, जिच्या नावापुढे निवेदनात 'गृहिणी, उत्पन्न निरंक' असा शेरा होता, आणि जिने स्वतःसाठी शेवटचे काय विकत घेतले हे तिलाही आठवून सांगावे लागले असते. उरला निवेदनकर्ता. तो वाचताना ज्या वस्तूला टेकून उभा होता ती वस्तू म्हणजे मालिश करणारी खुर्ची: विजेवर चालणारी, काळ्या चामड्याची, अर्धा दिवाणखाना अडवून बसलेली. कचेरीतल्या वरिष्ठाने घेतली म्हणून याने घेतली. वरिष्ठाने रोख मोजले, याने हप्ते बांधून घेतले. हप्ते थकले तेव्हा ते क्रेडिट कार्डाने भरले, आणि कार्ड थकले तेव्हा पतपेढीचे कर्ज काढून कार्ड भरले. खुर्चीत तो आयुष्यात एकदाच बसला. तिने त्याच्या पोटऱ्या धरल्या त्या सोडेचना. मुलीने भिंतीवरचे बटण बंद करेपर्यंत त्याने जो आरडाओरडा केला तो आईलाही यंत्राशिवाय ऐकू गेला होता. तेव्हापासून खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या चोर निदान पळता पळता तरी मारतो. येथे चोर मुद्देमालाला टेकून, घसा साफ करून, परिच्छेदवार मारत होता.

"बाबा, खुर्चीचं काय?" मुलीने विचारले.

"खुर्ची ही गुंतवणूक आहे. आरोग्यातली."

"कुणाच्या?"

"विषयांतर नको."

मग काटकसर सुरू झाली. दूध निम्म्यावर आले. बोळातला दिवा काढला गेला, आणि त्यानंतर प्रत्येक जण येताजाता अंधारात धडकून भिंतीशी बोलू लागला. आईकडे वळून लेखापरीक्षक मोठ्याने म्हणाला, "आई, ते यंत्र दिवसभर कशाला चालू ठेवायचं? बॅटरी जळते. मी बोलत असेन तेवढ्यापुरतं घालत जा."

"तू बोलतोस तेवढ्यापुरतंच तर काढते रे मी," आई म्हणाली.

दात कोरून पोट भरत नाही, हे पतपेढीच्या वसुली अधिकाऱ्याने दारात उभे राहून सांगितले, तेव्हा दुसरा टप्पा जाहीर झाला: निरुपयोगी वस्तूंची विक्री. निरुपयोगी कोणती हे ठरवण्याची एक रीत लेखापरीक्षकाच्या कचेरीत होती. कपाटाच्या दोन्ही दारांवर मिळून एक कागदी पट्टी चिकटवायची, तीवर सही करायची आणि महिनाभर वाट पाहायची. पट्टी फाटली तर कपाट वापरात. अखंड राहिली तर लिलावात. कचेरीत ही रीत कधी चुकली नाही. पट्टीवर ठळक अक्षरांत 'छेडछाड करू नये' असे छापलेले असे, आणि कचेरीत ते कोणी वाचत नसे.

घरात वाचले. घरातल्या बायकांना या माणसाच्या सहीची आणि आवाजाची वर्षानुवर्षे सवय झालेली होती. त्याने शिवणयंत्रापासून कुकरपर्यंत, इस्त्रीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांवर पट्ट्या डकवल्या; हेतू मात्र सांगितला नाही. हेतू कळला की पुरावा दूषित होतो, असे त्याचे शास्त्र होते.

"अहो, हे काय?" पत्नीने विचारले.

"ऑफिशियल आहे. वर लिहिलंय ना, वाच."

तिने वाचले. दुसऱ्या दिवसापासून, तो कचेरीत गेला की ती ओल्या फडक्याने पट्ट्या अलगद सोडवी, दिवसभराचे काम उरके, आणि तो परतण्याआधी कणकेची खळ करून त्या होत्या तशा चिकटवून ठेवी. कोपरे इतके जुळलेले की सहीची शेपटीसुद्धा हलू नये. खुर्चीच्या पट्टीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. तिच्यावर पहिल्याच दिवशी ओल्या चादरी येऊन पडल्या आणि तिच्या चिंध्या झाल्या.

आता शिवणयंत्राबद्दल. मशीनच्या खडखडाटाने डोके उठते असा फतवा लेखापरीक्षकाने लग्नानंतर लवकरच काढला होता. त्यामुळे तो घरात असताना ते कधी चालले नाही. तो नसताना ते थांबत नसे. उशांचे अभ्रे, गणवेश, शेजारणींचे उसवलेले संसार, जे येईल ते तिने शिवले होते. आणि या वेळी काम मोठे होते: नव्या इस्पितळाच्या सगळ्या खोल्यांचे पडदे. ते ठरल्या दिवशी पोचले असते, तर त्या मजुरीतून पतपेढीचे तोंड कायमचे बंद होणार होते. पतपेढीची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. ती टळली असती तर वसुलीवाला पुढच्या वेळी एकटा येणार नव्हता.

"आई, बाबांना सांग ना," मुलगी म्हणाली. "निदान तोंडाचा पट्टा तरी बंद होईल."

"काम होऊ दे आधी. आत्ता सांगितलं तर काय, शिवू लागणार आहेत? शेजारी स्टूल टाकून बसतील आणि धागा किती लागला ते विचारतील."

महिना भरला. त्या दिवशी मायलेकी तयार पडद्यांचे गाठोडे घेऊन इस्पितळात गेल्या होत्या, वृद्ध आई आतल्या खोलीत झोपली होती, आणि सकाळी नेहमीसारखा कचेरीत गेलेल्या लेखापरीक्षकाने अर्ध्या दिवसाची रजा टाकून, घरी परतून जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला बोलावले होते. व्यापाऱ्याने उंबऱ्यातूनच घर जोखले.

"साहेब, ती खुर्ची बोला."

"ती वापरात आहे."

"बसतं कोण? कपडे?"

"पट्टी बघा. फाटलेली आहे. म्हणजे वापर सिद्ध झाला."

"अहो, मी फाटक्या पट्टीसकट घेतो! भाव ऐका तरी." त्याने भाव सांगितला. पतपेढीचे निम्म्याहून अधिक कर्ज त्यात बसत होते.

"नियम म्हणजे नियम," लेखापरीक्षक म्हणाला. "इकडे या. या सगळ्या पट्ट्या अखंड आहेत. वापर निरंक."

व्यापाऱ्याने कुकरचे झाकण उघडले. आत सकाळच्या भाताची शिते होती. "यात स्वयंपाक होत नाही म्हणता?"

"पट्टी अखंड आहे."

"तुमचं घर, तुमची पट्टी. मला काय!" व्यापारी म्हणाला आणि कुकर पिशवीत टाकला.

शिवणयंत्रापाशी लेखापरीक्षक क्षणभर थांबला. सुईखाली अर्धा शिवलेला निळा पडदा होता. त्याने तो सोडवला, कडेला कड जुळवून घडी घातली आणि खुर्चीवरच्या ढिगावर ठेवून दिला. मग यंत्राची पट्टी बोटाने चाचपली. अखंड होती. चार चीजवस्तू टेम्पोत चढल्या आणि लेखापरीक्षकाच्या हातात जी रक्कम आली तिच्यात खुर्चीचा एक हप्तासुद्धा बसत नव्हता. कोहळा देऊन आवळा घेणारे पुष्कळ असतात; आवळ्याची पावती मागणारा हा पहिलाच.

पत्नी परतली तेव्हा खिडकीखालची जागा मोकळी होती. फरशीवर यंत्राच्या पायांचे डाग तेवढे उरले होते.

"अहो, माझी मशीन कुठाय?"

"विल्हेवाट लावली. वापर नव्हता."

"वापर नव्हता?" तिने खुर्चीवरचा निळा पडदा उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. "मग हे काय उंदरांनी शिवलं?"

"आवाज खाली. पट्टी अखंड होती."

"अखंड होती कारण मी ती रोज सोडवून रोज चिकटवत होते! छेडछाड करू नये असं छापलंय ना? नाही केली! नखसुद्धा लागू दिलं नाही तुमच्या सहीला!"

"सोडवून परत चिकटवली?" लेखापरीक्षकाला आता आधार सापडला. "म्हणजे पुराव्यात फेरफार केलास तू. ही गंभीर बाब आहे."

"गंभीर बाब दाखवू का मी तुम्हाला? निम्मे पडदे राहिलेत. परवा द्यायचेत. त्याचे पैसे आले असते तर तुमची ती पतपेढी…" ती थांबली. पुढचे बोलण्याची तिला लाज वाटली असे नव्हे. ऐकणाऱ्याची लायकी पाहून तिने शब्द वाचवले. काटकसर तिला येत होती.

"पैसे? कसले पैसे?" लेखापरीक्षक म्हणाला.

"आजी, उठ," मुलगी आतल्या खोलीकडे ओरडली. "बाबांनी आईची मशीन विकली."

"कुणाला विकली?" आई बाहेर येत म्हणाली. "मशीनऐवजी त्यालाच विकायला हवं होतं."

आता सगळे क्रमाने घडत गेले, जसे घडायला हवे होते तसे. कुकर नाही म्हणून जेवणाचे डबे बाहेरून आले आणि दोन दिवसांच्या डब्यांत कुकरची किंमत संपली. इस्त्री नाही म्हणून लेखापरीक्षकाचे शर्ट लाँड्रीत गेले, कारण चुरगळलेल्या शर्टाने दुसऱ्यांच्या चुका काढता येत नाहीत. मिक्सर गेल्याचे कोणाला फारसे दुःख नव्हते, पण आईला दात नव्हते आणि डब्यातले काही तिला चावेना. तिच्यासाठी वेगळे मऊ अन्न वेगळ्या दराने येऊ लागले. मायलेकी रिक्षा करून व्यापाऱ्याकडे गेल्या. व्यापाऱ्याने यंत्र त्याच संध्याकाळी चौकातल्या शिंप्याला विकून टाकले होते.

शिंपी सज्जन होता, म्हणजे व्यवहारी होता. "वहिनी, मशीन झकास ठेवलीय तुम्ही," तो म्हणाला. "परत मागाल तर दुप्पट पडेल. पण काम अडलंय ना? बसा की इथंच. तासाचं भाडं द्या."

आणि ती बसली. स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या, स्वतःच्या पायांनी गुळगुळीत केलेल्या यंत्रावर, परक्याच्या दुकानात, तासाच्या भाड्याने. मुलगी कापत होती, ती शिवत होती. येणारी गिऱ्हाइके तिला नवी कारागीर समजून आपापली मापे सांगत होती. तरीही ठरलेला दिवस टळला. इस्पितळाच्या भांडारपालाने तिचे ऐकून घेतले, मान डोलावली आणि उरलेल्या पडद्यांचे काम दुसऱ्याला देऊन टाकले.

"बाई, काम चांगलंय तुमचं," तो म्हणाला. "पण घरच्या अडचणी घरी ठेवाव्यात."

ज्याने हे ऐकायला हवे होते तो त्या वेळी घरी, बोळातल्या अंधारात, वसुली अधिकाऱ्याला 'सामूहिक' या शब्दाचा अर्थ समजावून सांगत होता.

त्या संध्याकाळी पत्नी घरी आली ती एकटी नव्हती. मागून व्यापारी होता, आणि त्याच्या मागे टेम्पोवाले दोघे.

"ती उचला," तिने खुर्चीकडे बोट दाखवले.

"थांबा!" लेखापरीक्षक मध्ये आला. "हिचा वापर सिद्ध झालेला आहे. माझ्या संमतीशिवाय…"

"मग बसा," पत्नी म्हणाली. "वापर आहे ना? बसा तिच्यात. मी बटण लावते."

लेखापरीक्षक बसला नाही. त्याच्या पोटऱ्यांनी त्याच्या वतीने निर्णय घेतला आणि तो दोन पावले मागे सरला. व्यापाऱ्याने भाव पाडला होता. "तेव्हाचा भाव तेव्हा गेला, ताई," असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. त्या रकमेतून शिंप्याकडची मशीन दुप्पट किमतीला सुटली, इस्पितळाची जेवढी मजुरी हाती आली तेवढी तीत पडली आणि पतपेढीची थकबाकी एका थोड्या रकमेवर येऊन ठेपली. कुटुंबाच्या सामूहिक शहाणपणाने हे घडले, असे निवेदन कोणी केले नाही.

यंत्र पुन्हा खिडकीखाली आले. पत्नीने त्यात तेल घातले, धागा ओवला आणि चाक हाताने एकदा फिरवून पाहिले. लेखापरीक्षक घरात होता. तिने पायपट्टी दाबली तशी खडखड सुरू झाली. त्याचा हात कानाकडे गेला आणि परत खाली आला. मग तिनेच पाय थांबवला.

"एक सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज आता अजिबात चढलेला नव्हता, आणि म्हणून मुलगी दारातच उभी राहिली. "सुईखालचा पडदा तुम्ही काढलात. घडी तुमच्या हातची होती, कडेला कड लावलेली. म्हणजे पाहिलात. अर्धा शिवलेला पडदा पाहूनही मशीन दिलीत?"

"पट्टी…"

"पट्टीचं विचारत नाही मी. तुमचं विचारतेय."

"बोल रे," आई म्हणाली. "ती काही तुला खाणार नाही. घरात चावायला कुणाला दातच कुठायत?"

लेखापरीक्षकाने आधी मुलीकडे पाहिले, मग मोकळ्या झालेल्या दिवाणखान्याकडे. टेकायला काही उरलेले नव्हते. त्यानंतर त्याने जे सांगितले ते येथे शब्दशः दिले आहे. त्याच्या सबंध हयातीत त्याने केलेले, एकही दुरुस्ती न लागणारे, हे एकमेव निवेदन:

"मशीन चालते हे मला माहीत होतं. माझा पगार महिना संपायच्या आत संपतो आणि तरी घर जेवतं, हे मला दिसत नाही का? पट्टी अखंड दिसली तेव्हा सुटल्यासारखं झालं. नाहीतर कधीतरी तुला विचारावं लागलं असतं. आणि विचारलं असतं, तर आभार मानावे लागले असते."