गफूरभाईंचा वूफर

भूकंपानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, लातुरातल्या आमच्या गल्लीत गफूरभाईंच्या गच्चीवरचा भोंगा गुरगुरला. शेजारच्या कोचिंग क्लासमधली शंभरेक मुलं जिना उतरून रस्त्यावर आली. जमीन हलली नव्हती. नगरपालिकेचा रोडरोलर आला होता.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि समोरच्या खोलीत राहत होतो. गफूरभाईंचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान खाली, घर त्याच्याच मागे.

स्पीकर समोर आला की ते आधी त्याच्या कागदी पडद्यावर चारी बोटं सारखी टेकवून हलके दाबायचे आणि कान लावायचे. आतल्या तारेच्या वेटोळ्याची खरखर आली की निकाल ठरलेला: "कॉईल घासून राहिली." हा निकाल स्पीकरपुरता नव्हता. एसटीचा गिअर अडला, दोन भाऊ बोलेनासे झाले, आमदाराचं भाषण रेंगाळलं, सगळीकडे कॉईलच घासायची. क्लासचे मालक स्वामी सर फिजिक्स शिकवायचे. त्यांच्याबद्दल मत वेगळं होतं: "भोंगा मोठा, आतलं युनिट बारीक."

गिऱ्हाईक मॅग्नेटच्या वजनावर स्पीकर निवडतं याचा त्यांना राग होता. मुखेडचा एक बँडवाला दुकानातला सगळ्यात जड स्पीकर मागायला आला. गफूरभाईंनी विचारलं, "लगनात वाजवायचा का मुडदे उठवायचे?" आणि त्याला निम्म्या वजनाचा दिला. फाटका पडदा चिकटवून नवा म्हणून त्यांनी कधी विकला नाही. जळलेल्या कॉईलला बरी म्हटलं नाही. यात गिऱ्हाइकं गेली, तीही गफूरभाईंचं उद्धट बोलणं ऐकून.

वूफरची हकिकत अशी. भूकंपात गफूरभाईंच्या बायकोचं, खैरुनभाभींचं, औशाकडचं माहेरचं घर पडलं. त्यात त्यांची बहीण गेली. तेव्हापासून भाभी छताखाली झोपल्या नव्हत्या. मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला त्यांची बाज होती. थंडी वाढली, खोकला सुरू झाला, तरी बाज तिथंच.

स्पीकर उलटा जोडला की तो माईकचं काम करतो. गफूरभाईंनी पंधरा इंची वूफर शहाबादी फरशीवर पालथा ठेवला, ॲम्प्लिफायरला जोडला आणि गच्चीवर भोंगा बसवला. जमीन जरा हलली की भोंगा ओरडणार. तू आत झोप, असं त्यांनी बायकोला सांगितलं. भाभींनी अट घातली. आठ दिवस खोटं न वाजता राहिला तर येईन.

पहिल्या दिवशी उसाचा ट्रक गेला. दुसऱ्या खेपेला गॅसच्या टाक्यांची गाडी. तिसऱ्या खेपेला क्लासची मधली सुट्टी. प्रत्येक वेळी भोंगा ओरडला आणि भाभींचे दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तीन दिवसांच्या पुढे मजल गेली नाही. मग रोलर आला.

त्या मंगळवारी स्वामी सर खडू लागलेल्या हातांनीच ओरडत दुकानात आले. मीही मागोमाग गेलो. सरांनी वूफर पाहिला, वायर कुठून कुठं जाते ते पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला.

"गफूरभाई, हे आगाऊ काही सांगणार नाही. हा वाजेल तेव्हा घरही हलतच असेल."

"हाव सर. पयल्या दिवसापासून ठाव हाय." गफूरभाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. "तेवढं जोरात बोलू नका. ती ऐकून राहिली."

दाराआड भाभी तांदूळ निवडत होत्या. सरांनी हातावरचा खडू झटकला. मग वर्गात शेवटच्या बाकासाठी लावतात तो आवाज त्यांनी लावला. यंत्र बरोबर आहे, फक्त फार नाजूक झालंय, थोडं कमी करून देतो, असं ते म्हणाले.

भाभी सूप घेऊनच दारात आल्या.

"सर, तुमी सांगा. ह्यांचं काय, ह्यांनी सोता बनवलाय, ते गुणाचाच म्हनतील. खरा आला तर वाजंल ना?"

सर फिजिक्सचे होते. त्यांना जरा वेळ लागला.

"वाजेल," ते म्हणाले.

भाभी आत गेल्या. गफूरभाई ॲम्प्लिफायरवर हात ठेवून बसून राहिले. सरांनी पेचकस उचलून पुढं केला. गफूरभाईंनी मागचे दोन स्क्रू सैल करून भोंग्याची वायर काढली. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा तेवढा चालू ठेवला.

पुढच्या आठ दिवसांत रोलर चार वेळा गेला.

नवव्या दिवशी दुपारी भाभींची बाज अंगणातून घरात गेली. एक बाजू गफूरभाईंनी धरली होती, दुसरी स्वामी सरांनी.