पेढ्यांचा वास

वीस वर्षांच्या गाडीतलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट जातं कुठे, हे काही देवदत्तकाकांना कळेना. टाकी भरावी, साताऱ्याहून लेकीकडे सांगलीला निघावं, की कऱ्हाडच्या अलीकडे काटा लाल! मग बॉनेट उघडून हायवेच्या कडेला एकटंच उभं राहायचं. खाली मात्र एक थेंब नाही.

"बाबा, आता एकदा जरी तापली ना, तर गाडी भंगारात," वल्लरीने फोनवर बजावलं. "गपचूप एसटीने या."

एसटीने! चारुशीलाकाकू गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. काका गाडी चालवताना शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलायचे. एसटीत असं बोलले असते तर कंडक्टरने उंब्रजलाच उतरवलं असतं. गाडी गेली की काकू दुसऱ्यांदा जाणार, हे लेकीला सांगायचं कसं?

मेस्त्री मानसिंग मात्र निर्धास्त होता. "गळती म्हंजे आपल्या हातचा मळ, काका!" असं म्हणत त्याने रेडिएटर बदलला. मग पाइप बदलले. मग पंप. गाडी तापतच राहिली. वल्लरी त्यालाही फोन करून विचारायची. "लय बेरकी गाडी हाय ताई," एवढंच तो सांगायचा.

ट्रायलला काका त्याला कायम मागे बसवत. पुढची सीट काकूंची. सांगलीला जाताना तिच्यावर कंदी पेढ्यांचा खोका, तोही पट्टा लावून.

"गाडीत गोड वास मारतोय," मानसिंग म्हणायचा.

"पेढ्यांचा," काका म्हणायचे. काच आतून धुरकटायची, ती आपण फार बोलतो म्हणून, अशी त्यांची समजूत. मग सीटकडे वळून ते म्हणायचे, "ऐकलंस का? हा आता पंप बदलायचा म्हणतोय." मागे मानसिंग खिडकीबाहेर बघत बसायचा.

शेवटच्या ट्रायलला मानसिंग पुतणीच्या लग्नातून थेट आला, पायात नवे पांढरे बूट. मागची सीट त्यानेच काढलेल्या जुन्या सामानाने भरलेली.

"पुढं बसू का?"

काकांनी सीटवरची धूळ हाताने झटकली. "बस."

मानसिंग बसला आणि ओरडला, "आवं काका! हितं तळं हाय!"

मॅटखाली हिरवंगार कूलंट. डॅशबोर्डच्या मागे, कूलंट ज्यातून फिरतं ती हीटरची कॉइल फुटली होती, आणि सगळं गाडीच्या आतच साचत होतं. गोड वास त्याचाच होता.

"कवापास्नं कुणी बसलंच न्हाई व्हय हितं?"

"नाही रे," काका म्हणाले.

नवी कॉइल बसली, तसा काकांनी लेकीला फोन लावला.

"सापडली गळती? कुठे होती?"

काका म्हणाले, "आईच्या पायाशी."

वल्लरी नाक ओढत म्हणाली, "गाडी भंगारात काढायची नाही, बाबा. शनिवारी मला न्यायला या. पुढे मी बसणार."

"आणि पेढे?"

"मागे ठेवा. आणि वाटेत माझ्याशीही बोला जरा. सगळं आईलाच सांगू नका."

काका चपापले. हे हिला कोणी सांगितलं? त्यांनी वळून पाहिलं. मानसिंग अगदी मन लावून बूट पुसत होता.