मागच्या सीटपुरता बहिरा

दौलतला फसवू शकेल असा माणूस अख्ख्या हैदराबादेत नाही, असं दौलतचं ठाम मत होतं! दूधवाल्याने माप कमी ओतलं तर तो मापाच्या बुडाकडे बघायचा, आणि जास्त ओतलं तर दूधवाल्याच्या तोंडाकडे. असा हा नांदेडकडचा गडी आबिड्सच्या एका कंपनीसाठी टुरिस्ट टॅक्सी चालवायचा. मागच्या सीटवर रोज बसायचे सुधीरसाहेब. पुण्याचे, कॉम्प्युटरवाले.

गाडीत दौलतचा एक नेम होता. मागच्या सीटवर बोललेलं त्याला ऐकू येत नसे. म्हणजे यायचं सगळंच, पण चेहरा असा, की मागे माणसं नसून सिमेंटची पोती ठेवली आहेत! स्टँडवरच्या यादगिरी ड्रायव्हरने एकदा एका साहेबाची गोष्ट दुसऱ्या साहेबाला सांगितली होती. दुसऱ्याच दिवशी त्याच्या हातातली गाडीची किल्ली गेली. तेव्हापासून दौलतने कानांना कुलूप लावलं आणि तोंडाला दोन.

अशात टॅक्सी कंपनीला परदेशी भागीदार मिळाला. पाठोपाठ फर्मान निघालं: सगळ्या ड्रायव्हरांची डॉक्टरी तपासणी! नापास होईल त्याला गाडी नाही.

"तपासणी कसली, सापळा आहे," दौलत बायकोला म्हणाला. "नवे मालक आलेत. त्यांना बघायचंय, कोणाचं तोंड सैल आहे."

"अहो, तोंड नाही, डोळे-कान बघतात," मालनबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या कानाला काय झालंय? शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत बसता!"

"तू भोळी आहेस, मालन."

दवाखाना आबिड्सलाच होता. डॉक्टर पद्मावती चष्म्याच्या वरून बघायच्या. दौलतला ते अजिबात आवडलं नाही. जो माणूस चष्मा लावून चष्म्याच्या वरून बघतो, त्याच्या मनात काहीतरी असतं! भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं त्याने धडाधड वाचली. खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. न जाणो, मेख तिथेच असायची! रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळला, तेव्हा दुसरा हात त्याने खिशावर ठेवला.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सामने देखो. मैं पीछे से आहिस्ता बोलती. सुने सो बोलना."

पीछे से? आहिस्ता? दौलत सावध झाला. मागून हळू बोललेलं पुढे सांगायचं? अरे वा रे वा!

मागून कुजबुज आली, "नामपल्ली."

दौलतच्या अंगावर काटा आला! कालच दुपारी त्याने सुधीरसाहेबांना आणि त्यांच्या दोस्ताला, विजयसाहेबांना, नामपल्लीला नेलं होतं. आणि साहेब मागच्या सीटवर म्हणाले होते, "हे घरी कळता कामा नये." या बाईला कसं कळलं? कंपनीने सगळं पढवून ठेवलंय तर!

डॉक्टरीणबाई समोर आल्या. "क्या सुने?"

"कुछ भी नहीं, मॅडम."

त्या पुन्हा मागे गेल्या. "कुकटपल्ली!" हे जरा मोठ्याने.

साहेबांचं घर! दौलत भिंतीसारखा बसून राहिला.

शेवटी बाईंनी औजारांचा स्टीलचा ट्रे त्याच्या पाठीमागे दाणकन आपटला. दारातल्या नर्सने किंकाळी फोडली. बाहेरच्या बाकावरचं तान्हं मूल रडायला लागलं. दौलतची पापणीसुद्धा हलली नाही!

"अय्यो! ये तो पूरा बहरा है!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दौलत उठला, हात जोडले आणि विजयी मुद्रेने हसला. "मॅडम, मेरे मुँह से कुछ नहीं निकलता."

घरी येऊन त्याने मालनबाईंना सगळा पराक्रम रंगवून सांगितला. संध्याकाळी निकाल आला. डोळे उत्तम, रक्तदाब उत्तम, कान नापास! सोमवारपासून गाडी दुसऱ्याकडे.

मालनबाई मटकन खाली बसल्या. "आपल्या पोरीचं, स्वप्नाचं कॉलेज तोंडावर आलंय हो! आता तुमच्या त्या कुलपांचं करायचं काय?"

दौलतच्या तोंडून शब्द फुटेना. या वेळी मात्र नाइलाजाने.

सुधीरसाहेबांना कळलं तेव्हा ते हसतच सुटले. "दौलतराव आणि बहिरे? चला, मी स्वतः येतो." शनिवारी ते आले. त्यांच्या बायकोला, शोभाताईंना आबिड्सला खरेदी होती, म्हणून त्याही आल्या.

आता तर दौलतची खात्रीच पटली. साहेब जातीने हजर! म्हणजे परीक्षा इमानाची!

डॉक्टरीणबाई मागे उभ्या राहून कुजबुजल्या. दौलत गप्प.

"दौलतराव, ऐकलंत ते सांगा ना," साहेब म्हणाले.

"मागचं मला ऐकू येत नाही, साहेब."

"अहो, नोकरी जाईल तुमची! बरं, परवा गाडीत मी विजयशी काय बोललो, तेच सांगा. माझी परवानगी आहे."

"विचार करा, साहेब."

"त्यात विचार काय करायचा? सांगून टाका!"

"सांगा हो, दौलतराव," शोभाताई हसून म्हणाल्या. "यांच्याकडे लपवण्यासारखं काय असणार?"

दौलतने एकदा साहेबांकडे बघितलं. मग त्याला स्वप्नाचं कॉलेज दिसलं. त्याने घसा खाकरला आणि सगळी कुलपं एकदम काढली!

"साहेब म्हणाले, विजय, चल नामपल्लीला, बिर्याणी खाऊ. विजयसाहेब म्हणाले, तुला साखर आहे ना? साहेब म्हणाले, साखर घरी, बिर्याणी बाहेर. विजयसाहेब म्हणाले, आणि वहिनींचा डबा? साहेब म्हणाले, दुधी आहे, दौलतराव खातात. वर म्हणाले, हे घरी कळता कामा नये. ताई, दुधी चांगला असतो. मीठ जरा कमी पडतं."

साहेबांना अचानक डोळे तपासायचा तक्ता फार वाचावासा वाटू लागला.

"पहाटे उठून दुधी किसते मी!" शोभाताईंचा आवाज चढला. "तरीच म्हटलं साखर उतरत कशी नाही! बोला दौलतराव, घाबरू नका. आणखी काय काय ऐकलंत?"

दौलतने नम्रपणे विचारलं, "साहेबांचं सांगू, की तुमचं?"

"माझं?"

"मंगळवारी तुम्ही तुमच्या मैत्रिणीबरोबर, गौरीताईंबरोबर मागे बसला होतात. तेव्हा साहेबांच्या आईंबद्दल तुम्ही..."

"पुरे!" नवरा-बायको एका सुरात ओरडले. शोभाताई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "मॅडम, लिख दो ना! कान बहुत अच्छे हैं!"

"हौ, दिख रा," डॉक्टरीणबाई चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

दौलत पास झाला! गाडी राहिली, कॉलेजची काळजी मिटली. कुकटपल्लीच्या रस्त्याला त्याने ऐटीत गाडी काढली. सवयीने चेहरा पोत्यांसाठी तयार केला आणि कान मागे लावले.

मागून एक शब्द नाही. साहेब एका खिडकीतून बाहेर बघतायत, ताई दुसरीतून. मूसापेट गेलं, तरी हूं नाही की चूं नाही.

दौलतने गाडी कडेला घेतली, आधी उजव्या आणि मग डाव्या कानात करंगळी फिरवली. पुन्हा ऐकलं. काहीच नाही!

आता त्याला खरी शंका यायला लागली. डॉक्टरीणबाईंचं पहिलं निदानच बरोबर तर नव्हतं?